गोळ्या बंद केल्या, आणि तो पुन्हा रात्री जागू लागला

पत्र

नमस्कार डॉक्टर,

मी २७ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते, शाळेत शिकवते. माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा. बी.एस्सी. झाल्यावर एमपीएससीच्या तयारीला पुण्याला गेला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचा. पहिलं वर्ष बरं गेलं. मग त्याचे फोन कमी झाले, अभ्यासिकेत जाणं सुटलं. गेल्या दिवाळीला आला तो परत गेलाच नाही. म्हणायचा, खोलीतली पोरं माझ्यावर पाळत ठेवतात, मोबाइलमधून माझे विचार बाहेर जातात, यूट्यूबवर शिकवणारे सर मलाच टोमणे मारतात. रात्री एकटाच पुटपुटायचा, मध्येच हसायचा. आंघोळ, दाढी सुटली. चुलत्यांशी आमचा बांधावरून वाद आहे, म्हणून आईला करणीची शंका आली. देवऋषीने त्याला मिरचीची धुरी दिली. शेवटी मीच त्याला सांगलीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. गोळ्यांनी दोन महिन्यांत आवाज थांबले, झोप लागू लागली. पण वजन नऊ किलोंनी वाढलं आणि दिवसभर लोळून असतो. ‘पोरगं बरं झालंय, आता गोळ्यांनीच सुस्त पडलंय’ म्हणत बाबांनी गोळ्या बंद केल्या. महिनाभर छान होता. गेल्या आठवड्यापासून पुन्हा रात्री जागतोय, खिडक्या लावून घेतोय.

माझे मामा तरुणपणी असेच भ्रमिष्ट होऊन घर सोडून गेले होते. आजी आईला ऐकवते, ‘तुमच्या माहेरचं रक्त.’ बाबा म्हणतात, अभ्यासाचं टेन्शन घेतलं म्हणून झालं, लग्न लावून दिलं की येईल ताळ्यावर. मला एक स्थळ आलंय. त्यांना हे सांगायचं का? मलाही होईल का? हा आजार नक्की कशाने होतो?

एक बहीण

उत्तर

बाकीचं सावकाश वाच, आधी हे कर. ज्या डॉक्टरांनी निदान केलं त्यांना आजच फोन लाव, गोळ्या कधीपासून बंद आहेत ते सांग आणि याच आठवड्यात त्याला घेऊन जा. घरात उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका, किती आणि कशा घ्यायच्या ते त्यांना ठरवू दे. झोप उडणं आणि खिडक्या लावून घेणं ही आजार परत येत असल्याची अगदी ओळखीची सुरुवात आहे. इथे पकडलं तर बहुतेक वेळा गोळ्यांवर निभावतं. महिनाभर वाट पाहिली तर ॲडमिट करायची पाळी येते. त्याच्या बोलण्यात मरणाची भाषा आली, किंवा आवाज त्याला स्वतःला काही करून घ्यायला सांगतायत असं कळलं, तर आठवडाही थांबू नकोस. त्याच दिवशी जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं, आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. अडलंच तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे. पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

आता बाबांबद्दल. त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांनी जे केलं ते बहुतेक घरांत कधी ना कधी होतंच. ताप उतरला की क्रोसिन थांबवतो, तसंच त्यांना वाटलं. शिवाय महिनाभर तो खरोखर छान होता, म्हणजे त्यांचा अंदाज बरोबर ठरल्यासारखाच झाला. मेख तिथेच आहे. गोळ्या बंद केल्यावर आजार लगेच उलटत नाही. काही आठवडे जातात, कधी काही महिने. मधल्या दिवसांत सुस्ती उतरलेली असते आणि आवाज अजून आलेले नसतात. मुलगा पूर्वीसारखा हसतो, जेवतो, आणि घरच्यांची खात्री पटते की गोळ्याच वाईट होत्या. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ६५ औषध-चाचण्यांचा एकत्रित हिशेब छापून आला होता. ज्यांच्या गोळ्या चालू राहिल्या त्यांच्यात वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण २७ टक्के निघालं, ज्यांना औषधाच्या जागी नुसती खोटी गोळी दिली त्यांच्यात ६४ टक्के. २७ हा आकडाही लपवू नये, गोळ्या घेऊनही काहींचा आजार उलटतो. पण या दोन आकड्यांमधली निवड बाबा स्वतः शेती करतात त्याच हिशेबीपणाने करतील, असं मला वाटतं. त्यांना हे आकडेच दाखव. ‘डॉक्टर म्हणतात म्हणून’ हे कारण घरातल्या कर्त्या पुरुषाला फारसं पटत नाही, हा माझा अनुभव आहे.

पहिल्यांदाच आजार झाला असेल तर पूर्ण बरं वाटू लागल्यानंतरही निदान एक-दोन वर्षं गोळ्या चालू ठेवतात. त्यानंतर कमी करायच्या झाल्या तर डॉक्टरांच्या नजरेखाली, काही महिने घेत, थोड्या थोड्या. काहींना त्या पुढेही लागतात.

पण नऊ किलो वजन वाढलं ही तक्रार बाबांनी उगाच केलेली नाही, आणि डॉक्टरांनी ती हसण्यावारी नेली असेल तर ती तू पुन्हा, ठासून मांड. ओलान्झापीनसारखी काही औषधं गुणाला चांगली, पण भूक प्रचंड वाढवतात. वजन कमी वाढवणारी औषधं आहेत, अरिपिप्राझोल हे त्यातलं एक. बदल करता येतो. दर काही महिन्यांनी वजन, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल बघायला हवं, आणि ते बघितलं जात नसेल तर आपण मागायला हवं. या आजाराच्या माणसांचं आयुर्मान सरासरी दहा-पंधरा वर्षांनी कमी भरतं, आणि त्यात मोठा वाटा हृदयविकार, मधुमेह आणि तंबाखूचा असतो. हात थरथरणं, अंग ताठ होणं, पाय एका जागी न ठरणं असं काही असेल तर तेही सांगा, त्यावर उपाय असतो. रोजच्या गोळीवरून घरात रोज भांडण होणार असेल तर महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचा पर्याय आहे. त्याबद्दल विचारा. आपल्याकडे ते फार थोड्या लोकांना सांगितलं जातं.

आता तो दिवसभर लोळून असतो ते. बाबा सगळा दोष गोळ्यांना देतात, पण तो पुरता गोळ्यांचा नसावा. तुझ्याच पत्रात आहे बघ: अभ्यासिका सुटली, फोन कमी झाले, आंघोळ सुटली, हे सगळं पहिली गोळी पोटात जायच्या कितीतरी आधीचं. स्किझोफ्रेनियाची लक्षणं म्हटली की आवाज आणि संशय एवढंच लोकांना आठवतं, कारण त्यांचा घराला त्रास होतो. दुसरी बाजू मुकी असते. इच्छाच होत नाही. उठावं, दात घासावेत, मित्राला फोन करावा, या साध्या गोष्टींना लागणारा आतला रेटा संपतो. चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, बोलणं एका-दोन शब्दांवर येतं, सणासुदीला माणसांत बसवत नाही. लक्ष टिकत नाही, वाचलेलं पान डोक्यात राहत नाही. घरचे याला आळस म्हणतात, माज म्हणतात, ‘खायला मात्र बरोबर उठतो’ असं ऐकवतात. आवाजांवर गोळ्या चांगल्या चालतात, या मुक्या लक्षणांवर फारशा चालत नाहीत. म्हणूनच आवाज थांबूनही मुलगा ‘पहिल्यासारखा’ का होत नाही, हे कोडं घरोघरी पडतं. त्यावर उपाय आहेत, पण ते हळू असतात. त्यावर मी शेवटी येते.

आवाजांचं मात्र तुला नीट समजायला हवं, म्हणजे त्याच्याशी बोलणं सोपं जाईल. आवाज ऐकू येत असतात तेव्हा मेंदूतला बोलणं आणि ऐकणं सांभाळणारा भाग खरोखर जागा झालेला स्कॅनवर दिसतो. त्याच्या दृष्टीने तो आवाज तुझ्या आवाजाइतकाच खरा आहे. कुणी त्याच्यावर टीका करतं, कुणी दोघं मिळून त्याच्याबद्दल बोलतात, कुणी त्याच्या हालचालींचं धावतं वर्णन करतं. तान्या लुहरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिका, घाना आणि चेन्नई इथल्या रुग्णांना त्यांच्या आवाजांबद्दल विचारलं होतं. अमेरिकेतले आवाज जास्त करून हिंसक, धमकावणारे. चेन्नईत अनेकांना आपल्या नात्यातल्या माणसांचे आवाज येत, आणि ते घरकाम कर, आंघोळ कर, असं दटावत असत. मला हे वाचून हसूही आलं आणि बरंही वाटलं. आजार मेंदूचा असला तरी आवाज मात्र माणूस जिथे वाढला तिथलेच येतात.

संशयाचं मूळही साधारण असंच आहे. आपल्या भोवती सतत शंभर गोष्टी चाललेल्या असतात आणि त्यातली कुठली आपल्यासाठी, कुठली नाही, हे मेंदू आपल्याला न कळवता ठरवत असतो. या निवडीत डोपामिन या रसायनाचा मोठा हात असतो. स्किझोफ्रेनियात मेंदूच्या एका भागात त्याचा जोर वाढतो, आणि मग कशालाही अर्थ चिकटतो. खोलीतल्या मुलाचं खाकरणं, यूट्यूबवरच्या सरांचं एखादं वाक्य, समोरच्या इमारतीतला दिवा, सगळं आपल्यासाठीच चाललंय असं वाटू लागतं. एवढ्या सगळ्या खुणा दिसल्यावर कुणाचंही डोकं त्यांची एक गोष्ट रचणारच: हे माझ्यावर पाळत ठेवतायत. विचार मोबाइलमधून बाहेर जातात हेही त्याच जातीचं. तुझ्या भावाच्या जागी शंभर वर्षांपूर्वीचा तरुण असता तर तारायंत्र म्हणाला असता. गोळ्या मुख्यतः हा डोपामिनचा जोर रोखतात. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे पहिलं औषध वापरलं गेलं, तिथून ही वाट सुरू झाली.

म्हणून त्याच्याशी वाद घालू नकोस. ‘असं काही नसतं रे, वेड्यासारखं बोलू नकोस’ याने तो एकटा पडतो आणि तूही त्या कटात सामील आहेस असं त्याला वाटू लागतं. हो ला हो सुद्धा करायचं नाही. ‘मला तो आवाज येत नाही, पण तुला येतोय आणि तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय. मी इथेच आहे.’ एवढं पुरे. मग झोप, जेवण, उद्याची डॉक्टरांची वेळ याकडे वळ. त्याला आपण आजारी आहोत हेच पटत नसेल, तर तो हट्ट समजू नकोस. आजाराची जाणीव नसणं हेही या आजाराचं एक लक्षण आहे, आणि निम्म्याच्या आसपास रुग्णांत ते असतं. त्याला न्यायचं तर ‘तुला वेड लागलंय’ म्हणून नेऊ नका, ‘झोप लागत नाही ना, त्यासाठी जाऊ’ म्हणून न्या. ते खोटंही नाही.

निदानाबद्दल थोडक्यात. रक्ताची एकही तपासणी स्किझोफ्रेनिया दाखवत नाही, एमआरआयही दाखवत नाही. त्यामुळे कुणी ‘पक्कं करण्यासाठी’ महागडे स्कॅन वारंवार सांगत असेल तर कशासाठी ते विचारा. तपासण्या करतात त्या दुसरं काही नाही ना हे बघायला: थायरॉइड, फिट्स, मेंदूची सूज, नशेचा परिणाम. निदान होतं ते लक्षणं, ती किती काळ आहेत आणि त्यामुळे माणसाचं रोजचं जगणं किती कोलमडलंय यावरून. म्हणूनच डॉक्टरांना माहिती देणारं माणूस लागतं, आणि तुमच्या घरात ते तू आहेस. एका वहीत तारखा घालून लिहून ठेव: झोप, बोलणं, गोळ्या. आणि पुण्यात असताना गांजा ओढत होता का, हे त्याला एकांतात, न रागावता विचार. उत्तर हो आलं तर ते बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव, डॉक्टरांना मात्र सांगायलाच हवं. दोन व्यक्तिमत्त्वं वगैरे जे सिनेमात दाखवतात त्याचा या आजाराशी संबंध नाही, ते विसर. असे रुग्ण हिंसक असतात ही समजूतही खोटी आहे. बहुतेक जण कुणाला काही करत नाहीत, मार खाणारेच जास्त.

आता तुमच्या घरात भरलेल्या कोर्टाकडे येते. आरोपी चार: अभ्यास, आईचं माहेर, चुलते आणि, कुणी उघड म्हणत नसलं तरी, आई स्वतः.

अभ्यासाला आधी सोडून देऊ. दरवर्षी लाखो मुलं एमपीएससीचा ताण घेतात आणि त्यांना स्किझोफ्रेनिया होत नाही. ज्याला तो व्हायचाच असतो त्याच्या बाबतीत ताण, जागरणं, एकटेपणा हे आजार लवकर बाहेर आणू शकतात, एवढं खरं. पण पुष्कळदा क्रम उलटा असतो. ठळक लक्षणं दिसायच्या आधी कित्येक महिने, कधी दोन-तीन वर्षं, आजार आतल्या आत सुरू झालेला असतो. लक्ष लागत नाही, माणसं नकोशी होतात, झोपेचं घड्याळ बिघडतं. मुलगा नापास होऊ लागतो. तुझ्या भावाचं दुसरं वर्ष असंच गेलेलं दिसतंय. मुलांमध्ये आजार विशीच्या आसपास डोकं काढतो, मुलींमध्ये सरासरी काही वर्षं उशिरा. आणि विशीतली मुलं आपल्याकडे अभ्यासिकेतच सापडतात, म्हणून आळ अभ्यासावर येतो.

माहेरचं रक्त. आजींचं म्हणणं पूर्ण चूक नाही, आणि ते मी लपवणार नाही. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पण ‘हे एक जनुक आईकडून आलं’ असा तो मामला नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात जनुकसाखळीवर २८७ जागा अशा सापडल्या, ज्यांचा या आजाराशी संबंध आहे. त्यातली प्रत्येक जागा धोका अगदी चिमूटभर वाढवते. तसले तुकडे तुझ्यात आहेत, माझ्यात आहेत, तुझ्या बाबांत आणि त्यांच्या आईतही असणार. एका घरात ते जास्त संख्येने एकत्र आले, एवढंच. आणि सगळं रक्तातच असतं तर एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला की दुसऱ्याला झालाच असता. प्रत्यक्षात निम्म्याहून कमी वेळा होतो. म्हणजे बाकीचं बाहेरून येतं, आणि त्यातलं बरंच आयुष्यात फार लवकर येतं. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने नेदरलँड्सच्या पश्चिम भागाची रसद तोडली. त्या उपासमारीच्या दिवसांत गर्भात आलेल्या मुलांना पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण दुप्पट निघालं. गर्भारपणातले काही संसर्ग, बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडणं, लहानपणी सोसलेला छळ, पुढे कोवळ्या वयातला गांजा, या सगळ्यांनी थोडा थोडा धोका वाढतो. किशोरवयात मेंदू आपल्या पेशींमधले नको असलेले जोड छाटत असतो. या छाटणीत अतिरेक होतो, असं मानायला भक्कम आधार मिळू लागला आहे. मात्र तुझ्या भावाच्या बाबतीत यातलं नक्की काय किती, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. सांगतो म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका.

आईला मी पूर्ण निर्दोष सोडते, कारण तिच्यावरचा खटला माझ्याच व्यवसायातल्या लोकांनी चालवलेला आहे. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मांडलं, की थंड, नाकारणाऱ्या आईच्या वागण्यातून मुलाला स्किझोफ्रेनिया होतो. पुढची दोन-तीन दशकं पाश्चात्त्य देशांत हजारो आयांनी, आपलं मूल आपणच बिघडवलं, हे ओझं वाहिलं. पुराव्यांत ते टिकलं नाही. संगोपनाने हा आजार होत नाही. आजींना हे समजेल अशा शब्दांत तू सांगशील, किंवा सांगणार नाहीस, पण आईला मात्र जवळ बसवून एकदा स्पष्ट सांग.

राहिले चुलते. बांधाचा वाद तहसीलदारांकडे सोडवा. करणीने डोपामिन वाढत नाही. आईने देवऋषीकडे नेलं म्हणून मी तिला बोलणार नाही. मुलगा रात्रभर भिंतीशी बोलत असताना गावात दुसरं कोण होतं तिच्या मदतीला? पण मिरचीची धुरी हा छळ आहे आणि गुन्हाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे सगळं नावानिशी लिहिलेलं आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली. तिथे मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलं होतं. २८ जण पळताच न आल्याने गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळदंड घालायला बंदी केली आहे. आईची पूजा, उपास, अंगारा चालू राहू दे. त्याने कुणाचं काही बिघडत नाही, तिला बळ मिळतं. फक्त अंगाऱ्यासाठी गोळी थांबणार नाही आणि त्याच्या अंगाला कुणी हात लावणार नाही, एवढं तिच्याकडून कबूल करून घे.

तुझ्याबद्दल. जगभरात साधारण ३०० माणसांत एकाला हा आजार असतो, म्हणजे पाच हजार वस्तीच्या गावात सोळा-सतरा जण. ते कोण आहेत हे गावाला माहीत नसतं, किंवा माहीत असून बोललं जात नाही. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला असेल तर आयुष्यभरात आपल्याला होण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे दहांतल्या नऊ जणांना होत नाही. तुझ्या वयापर्यंत काही झालं नसेल तर ती त्याहूनही कमी होत जाते. तुझ्या मुलांना, म्हणजे त्याच्या भाचरांना, तीन-चार टक्के. काळजी करायची तर जागरणं टाळ, नशा टाळ, आणि कधी स्वतःत काही वेगळं जाणवलं तर लपवू नकोस.

स्थळाला सांगायचं का? माझं मत: हो, साखरपुड्याच्या आधी, मध्यस्थामार्फत नाही तर तू स्वतः, मुलाला भेटून. ‘माझ्या भावाला एक मानसिक आजार आहे, उपचार चालू आहेत, पुढेही मी त्याच्या पाठीशी राहणार आहे.’ त्याची सगळी लक्षणं, मिरचीची धुरी, मामा, असलं काही सांगायची गरज नाही. तो त्याचा खासगी मामला आहे, आणि सांगण्याआधी त्याला विचार. तो बरा असताना विचार. कदाचित स्थळ मोडेल. लपवून केलेल्या लग्नात तू भावाला भेटायला माहेरी जाताना दरवेळी बहाणे शोधशील, ते मला जास्त वाईट वाटतं.

त्याचं लग्न मात्र आत्ता मुळीच नको. लग्नाने हा आजार बरा झालेला मी पाहिलेला नाही. एका अनोळखी मुलीवर बिनपगारी नर्सची नोकरी लादलेली मात्र अनेकदा पाहिलीय. आजार लपवून केलेलं लग्न फसवणूक म्हणून कोर्टात रद्द होऊ शकतं, हे बाबांना सांग. पुढे काही वर्षं तो स्थिर राहिला, काम करू लागला, त्याला स्वतःला वाटलं आणि मुलीला सगळं माहीत असलं, तर बघू. अशी लग्नं टिकतातही.

घरातल्या वातावरणाबद्दल एक गोष्ट अभ्यासांनी वारंवार दाखवली आहे: सतत टोचून बोलणं, तिरस्कार आणि उलट्या टोकाला, त्याच्याभोवती जीव टाकून चोवीस तास पहारा, या तिन्हींनी आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं. याची सुरुवात ब्रिटनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांनी केली. नंतर चंदीगडमध्ये हेच तपासलं, तेव्हा आपल्याकडच्या घरांत टोचून बोलणं लंडनपेक्षा बरंच कमी आढळलं. तुमच्या आजींनी ते वाचलेलं नसावं. त्यांना भावाच्या देखत ‘रक्त’ हा विषय काढायचा नाही, एवढं बाबांनी बजावलं तर बरं.

खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचारतज्ज्ञ असतात आणि गोळ्याही मिळतात. तालुक्याला त्यांची शिबिरं कधी असतात ते तिथे विचार. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था आहे. कॅनडात गणिताचे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून ती उभी केली. तिचे स्वमदत गट आहेत, तिथे आई-बाबांना एकदा ने. माझ्यासारख्या डॉक्टरने तासभर बोलून जे होत नाही, ते दुसऱ्या एखाद्या बापाने ‘आम्हीही बंद केल्या होत्या गोळ्या’ म्हटल्यावर होतं. आजार लांबला आणि त्याचं अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली सवलतींसाठीचं प्रमाणपत्र मिळतं. पण आत्ताच त्यामागे लागू नका. पहिल्या झटक्यानंतर बरीच मुलं चांगली सावरतात.

एमपीएससीचं विचारशील, तर या वर्षी नाही, आणि पुण्यात एकट्याने तर नाहीच. आधी त्याच्या दिवसाला एक काम हवं. ठरलेल्या वेळेचं, छोटं, आणि ज्याच्यावाचून घराचं अडतं असं. तुमच्याकडे म्हशी असतील तर सकाळचं दूध डेअरीला घालून येणं आणि फॅटची पावती वहीत लिहिणं एवढं त्याच्याकडे द्या. काही दिवस तो उठणार नाही. तेव्हा ओरडू नका आणि काम काढूनही घेऊ नका. दुसऱ्या दिवशी किटली पुन्हा त्याच्या दाराशी ठेवा. आठवड्यात चार दिवस गेला तरी सध्या पुष्कळ आहे. ते जमलं की दुसरं काम शोधू.